लांब सोडून या म्हणता, पण लांब म्हणजे नक्की कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांमध्ये एक पत्र आलं होतं, की वस्तीत घुबडं, मुंगसं, साप, वटवाघळं असले प्राणी फार वाढलेत, घरात लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, तेव्हा यांना पकडून लांब कुठंतरी जंगलात सोडून यावं आणि आमची सुटका करावी. पत्र लिहिणाऱ्यांवर मी अजिबात चिडलेली नाही. कारण तीन वर्षांपूर्वी अगदी असंच पत्र मी आमच्या सोसायटीच्या कमिटीला दिलं होतं, शब्दसुद्धा जवळपास हेच, खाली सतरा जणांच्या सह्या आणि त्यात पहिली सही माझी. म्हणून म्हटलं उत्तर द्यायचं तर आपणच द्यावं.

त्याचं असं झालं. आमच्या गच्चीवर लिफ्टची खोली आहे, तिच्या मागच्या भिंतीत एक झरोका, त्याची जाळी केव्हाच पडलेली. तिथून रात्री दीड-दोनला आवाज यायला लागला, पंक्चर टायरमधून हवा सुटावी तसा, पण थांबून थांबून, आणि मधेच एक अशी किंकाळी की अंगावर काटा. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, झोपेचं पार खोबरं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी म्हणे गॅस लीक आहे, कुणी म्हणे लिफ्टची मोटर गेली, एकांनी तर सरळ हात जोडलेले इमोजी टाकून दिले. शेवटी वॉचमन दादा टॉर्च घेऊन वर गेले आणि दोन मिनिटांत खाली आले, म्हणाले, मॅडम, त्याला माणसासारखं तोंड आहे हो.

बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड, काळे डोळे, गव्हाणी घुबड. आणि आत पाच पिल्लं, पाचही वेगवेगळ्या मापाची, एक अगदी पिसं फुटलेलं आणि एक नुसता कापसाचा बोळा. तेव्हा मला वाटलं दोन-तीन माद्यांची एकत्र आहेत की काय. तसं नसतं, ही मादी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं एकेक अंडं घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळं पिल्लं पण पुढंमागं निघतात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी एवढंच केलं, की सकाळी उठून अर्ज टाइप केला आणि सह्या गोळा करत फिरले.

आता मन कसं बदललं तर कुणाच्या भाषणानं वगैरे नाही, माझ्या नातीमुळं. सुट्टीला आली होती, नऊ वर्षांची, गच्चीवर नको जाऊ म्हटलं म्हणून गेलीच, आणि येताना कागदात गुंडाळून काळपट करड्या रंगाच्या तीन-चार गोळ्या घेऊन आली, अंगठ्याएवढ्या. मला वाटलं विष्ठा आहे, टाक म्हणून ओरडले. तर म्हणे, आजी, हे त्याच्या तोंडातून येतं, आमच्या टीचरनी दाखवलं होतं. घुबड उंदीर सबंध गिळतं, मांस पचतं, पण हाडं आणि केस पचत नाहीत ते पोटात गोळा होतात आणि काही तासांनी ते गोळी ओकून टाकतं. हातमोजे घालून, चिमटा घेऊन, जुन्या पेपरवर (तुमचाच होता हो) आम्ही एक गोळी कोमट पाण्यात भिजवून उकलली. त्यातून चार कवट्या निघाल्या. चार! नखाएवढ्या पण अख्ख्या, पुढचे दात नारंगी पिवळे, तो उंदीर-घुशींच्या दातांचा रंगच असतो, त्यात लोह असतं म्हणून. एका गोळीत चार, आणि अशा गोळ्यांचा त्या झरोक्याखाली खच पडला होता.

आणि मी ज्या महिन्यात घुबडं हटवा म्हणून सह्या घेत होते त्याच महिन्यात कमिटीच्या मीटिंगला माझी दुसरी तक्रार होती, की पार्किंगमध्ये उंदीर फार झालेत आणि गाडीच्या वायरी कुरतडतात. दोन्ही अर्ज एकाच फाइलमध्ये लागलेले. मला हसावं का रडावं कळेना.

त्यानंतर मी गच्चीवर जायला लागले, लांब टाकीच्या आडोशाला खुर्ची टाकून नुसतं बसायचं. घुबड उडताना आवाज येत नाही हे ऐकून होते, पण डोक्यावरून पाच-सहा फुटांवरून एवढा मोठा पक्षी गेला आणि काहीच ऐकू आलं नाही तेव्हा पोटात कसंतरी झालं, म्हणजे भीती नाही, पण काय ते सांगता येत नाही. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात आणि पिसांवर मखमली लव असते त्यानं हवेचा आवाज दबतो. कान तर दोन्ही एका पातळीवर नसतात, एक वर एक खाली, त्यामुळं आवाज कुठल्या दिशेचा आणि किती उंचीवरचा हे दोन्ही त्याला समजतं आणि पूर्ण अंधारातसुद्धा नुसत्या खुसफुशीवर ते उंदीर धरतं. आणि तो रात्रभरचा फुसफुस आवाज, ज्यावर मी अर्ज केला होता, तो पिल्लांचा. स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांडर रूलँ म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं या पक्ष्याचा अभ्यास केलाय, तर आईबाप शिकारीला गेलेले असताना पिल्लं आपापसात आवाज करून जणू वाटाघाटी करतात की आता येणारा घास कुणी घ्यायचा, ज्याला जास्त भूक तो जास्त ओरडतो आणि बाकीचे गप्प बसतात. कधी कधी मोठं पिल्लू आपल्या वाटचं धाकट्याला देतं. आमच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये हे एकदा तरी व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.

असो. मुद्दा आहे तो "लांब सोडा" या दोन शब्दांचा.

लांब म्हणजे कुठं हो? आपण म्हणतो जंगलात, जसं काही तिथं खोल्या रिकाम्या आहेत. प्रत्येक प्राण्याचा आपला एक इलाखा असतो, पाणी कुठं, बीळ कुठं, कुत्री कुठं, कुठल्या भिंतीवरून पळायचं हे त्याला पाठ असतं. त्याला उचलून अनोळखी ठिकाणी टाकलं की तिथं आधीच दुसरा मालक बसलेला असतो, मग मारामारी, उपासमार, नाहीतर परत घराकडं निघायचं आणि वाटेत गाडीखाली यायचं. आणि त्यातून वाचलंच तर ते भेदरलेलं जनावर तिथल्या माणसांच्या वाट्याला जातं. जुन्नर भागात २००१ ते २००३ मध्ये वस्तीजवळचे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायची मोठी मोहीम झाली होती, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशोब मांडला, तर माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. म्हणजे भीती कमी करायला जे केलं त्यानंच ती वाढवली. बरं इकडं जागा रिकामी झाली म्हणून ती तशीच राहते का? उंदीर आहेत, कचरा आहे, आडोसा आहे, मग आठ-पंधरा दिवसांत दुसरं कुणीतरी येतंच, ते पण नवखं, आपली पायवाट माहीत नसलेलं. जुना भाडेकरू काढून नवा आणल्यासारखं आहे हे, आणि जुना निदान ओळखीचा तरी होता.

पिंजरा लावणाऱ्यांचं दुसरं आवडतं हत्यार म्हणजे विष, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय. आमच्याकडे उंदरांसाठी त्या काळ्या डब्या ठेवल्या होत्या, चारही कोपऱ्यांत, कॉन्ट्रॅक्ट होतं वर्षाचं. त्यातलं औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर खाऊन तिथंच मरत नाही, चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही फिरत राहतो, दिवसाढवळ्या, झिंगल्यासारखा, आणि असा उंदीर धरायला सगळ्यात सोपा. मग तो कोण धरणार? घुबड, मांजर, मुंगूस, शिक्रा, धामण. म्हणजे जे फुकटात उंदीर मारत होते त्यांनाच आपण पैसे देऊन मारतो.

न्यूयॉर्कमधल्या फ्लाकोची गोष्ट बऱ्याच जणांनी तेव्हा वाचली असेल. युरेशियन ईगल आऊल, म्हणजे डोक्यावर शिंगांसारखे तुरे असलेलं मोठं घुबड, जन्म पिंजऱ्यातला, सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयात कुणीतरी त्याच्या पिंजऱ्याची जाळी कापली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते बाहेर पडलं. सगळे म्हणाले आयुष्यात कधी शिकार केली नाही, आठ दिवसांत उपाशी मरेल. तर पठ्ठ्या स्वतःचं स्वतः उंदीर मारायला शिकला, एक वर्ष त्या उंच बिल्डिंगांमध्ये राहिला, लोकांच्या खिडकीवर येऊन आत डोकावायचा, लोक संध्याकाळी त्याला बघायला जमायचे. पुढच्या फेब्रुवारीत एका बिल्डिंगवर आपटून गेला असं वाटलं, पण तपासणी केली तर कबुतरांकडून आलेला जबर संसर्ग होताच आणि अंगात चार वेगवेगळी उंदराची औषधं निघाली. चार. लॉस एंजेलिसचा पी-२२ नावाचा पुमा पण तसाच, दोन मोठे हायवे ओलांडून शहराच्या मधल्या टेकडीवर दहा वर्षं राहिला, २०१४ मध्ये त्याला खरजेनं घेरलं तेव्हा रक्तात उंदराचं विष सापडलं होतं. उपचार करून सोडला म्हणून वाचला. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात गेला, गाडीची धडक आणि म्हातारपणाचे आजार, पण त्याच वर्षी तिथं प्राण्यांसाठी हायवेवरून झाडं-मातीचा पूल बांधायचं काम सुरू झालं.

आमच्या डब्या काढायला अकरा महिने लागले. मी काही फार मोठी लढाई केली नाही, फक्त प्रत्येक मीटिंगला गोळ्यांमधून निघालेल्या कवट्या एका काचेच्या बाटलीत घेऊन जायची आणि टेबलावर ठेवायची. (दोन बायकांनी मीटिंगला येणं सोडलं, त्यांची माफी मागते.) डब्या काढल्या, कचऱ्याच्या ड्रमांना झाकणं लावली, ड्रेनेजच्या फटी बुजवल्या. तिसऱ्या मजल्यावरचे काका अजूनही माझ्याशी बोलत नाहीत, त्यांच्या मते मी सोसायटीचं प्राणिसंग्रहालय केलं. काकांना एवढंच विचारते की तुमच्या गाडीची वायर यंदा किती वेळा बदलली?

या प्राण्यांचं स्वागत करा म्हटलं की लोकांना वाटतं आता ही बाई सापाला मांडीवर घ्यायला सांगणार. नाही हो. साप दिसला तर मी पण दहा पावलं मागंच जाते. लांबून नजर ठेवायची, मुलं आणि कुत्री आत घ्यायची, तो जात असेल तर जाऊ द्यायचा, घरात शिरला असेल तर सर्पमित्राला फोन. काठी घेऊन मर्दुमकी करायला गेलेला माणूसच बऱ्याचदा चावून घेतो. चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणं, चोखणं असलं काही न करता हलू न देता थेट हॉस्पिटल. आमच्या कंपाउंडमध्ये एक धामण आहे, सात फूट तरी असेल, बिनविषारी, उंदरांवर जगते, तिला पहिल्यांदा बघून सेक्रेटरी साहेब चप्पल टाकून पळाले होते, आता तेच कुणी नवीन भाडेकरू ओरडला की समजावतात. वटवाघूळ दिवसा जमिनीवर पडलेलं दिसलं तर उघड्या हातानं उचलू नका, कुठलाही सस्तन प्राणी चावला किंवा ओरखडला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि डॉक्टरकडं जायचं, रेबीज झाल्यावर त्याला औषध नाही. हे सांगायलाच हवं, नाहीतर उद्या माझं नाव घेऊन कुणीतरी पिल्लू कुशीत घेऊन सेल्फी काढेल.

आणि खायला घालू नका. इथं माझं माझ्याच गटातल्या लोकांशी भांडण होतं. प्रेमळ माणसं असतात, कळतं मला, पण एकदा का माकडाला कळलं की या खिडकीतून मिळतं, की मग ते दुसऱ्याच्या खिडकीत पण हात घालतं, तिथला माणूस घाबरतो, ते दात दाखवतं, आणि मग पिंजरा येतो. तुम्ही घातलेल्या घासाची शिक्षा त्याला. पाणी ठेवा उन्हाळ्यात, पसरट भांड्यात, आत एखादा दगड म्हणजे मधमाशी बुडत नाही, आणि रोज धुवा. झाडं लावा ज्यांची फळं-फुलं ते स्वतः शोधून खातील. बाकी काही करू नका. खरं सांगायचं तर स्वागत म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी न करणंच असतं, आणि आपल्याला तेच जमत नाही.

दुसऱ्या शहरांचं वाचते तेव्हा गंमत वाटते. टेक्सासमधल्या ऑस्टिनला १९८० मध्ये नदीवरचा एक पूल दुरुस्त केला, त्याच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीच्या खोल फटी राहिल्या, इंजिनिअरांच्या स्वप्नातही नव्हतं, पण त्या वटवाघळांना अगदी मापाच्या निघाल्या. हजारोंनी आली. लोकांनी काय केलं? अर्ज केले, सह्या घेतल्या, मारून टाका म्हणाले! वाचून मला फार बरं वाटलं, मी एकटीच नव्हते. मग मर्लिन टटल नावाचे वटवाघूळवाले गृहस्थ १९८६ मध्ये आपली संस्थाच तिकडं घेऊन गेले आणि लोकांना भेटून समजावत बसले. आज तिथं उन्हाळ्यात साधारण १५ लाख वटवाघळं असतात, संध्याकाळी पुलाखालून धुरासारखी निघतात आणि ते बघायला माणसं नदीकाठी जागा धरून बसतात. पूल तोच, वटवाघळं तीच.

शिकागोत कायोटी आहेत, कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला भाऊ म्हणा. २००० मध्ये तिथं स्टॅनली गेर्ट यांनी अभ्यास सुरू केला, वाटलं होतं वर्षभरात संपेल, अजून चालू आहे. रेडिओ पट्टे लावून बघितलं तर हे लोकांच्या अंगणामागून, रेल्वेच्या कडेनं, दफनभूमीतून फिरतात, रस्ता ओलांडताना गाड्या बघून थांबतात, आणि बहुतेक शहराला पत्ताच नाही. बर्लिनमध्ये तर २०२० च्या ऑगस्टमध्ये तळ्याकाठी कपडे काढून ऊन खात पडलेल्या एका माणसाची पिशवी रानडुकरीण घेऊन पळाली, आत लॅपटॉप, मागं दोन पिल्लं, आणि त्यांच्या मागं हा तसाच धावतोय. पिशवी मिळाली त्याला, आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आपल्याकडं असं झालं असतं तर बातमी काय आली असती? "रानडुकरांचा धुमाकूळ, नागरिक भयभीत".

होय संपादक साहेब, आता तुमच्यावर येते. राग मानू नका, तीस वर्षं तुमचा पेपर घेते, तेवढा हक्क आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीत एका सीसीटीव्हीत भिंतीवरून काहीतरी लांब शेपटीचं गेलं. तासाभरात सगळ्या ग्रुपांवर "बिबट्याचं पिल्लू". शाळेच्या बसला लोक पोरं सोडायला काठ्या घेऊन. दुसऱ्या दिवशी छापून आलं, दहशत, घबराट, वगैरे. ते उदमांजर होतं, कांडेचोर म्हणतात त्याला, घरच्या मांजराएवढं, रात्री झाडांवरची फळं खातं आणि बिया लांब लांब नेऊन टाकतं. आठवड्यानं तुम्ही आतल्या पानावर दोन ओळींत खुलासा छापलात, तो कुणी वाचला? माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली होती, कारण आमच्या गच्चीवर मी त्याला दोनदा पाहिलेलं, पण मला कोण विचारतंय.

शब्द बघा ना आपले. प्राणी "आढळला" की लगेच "दहशत". तो चालत गेला की "मुक्त संचार", जसं काही त्यानं परवानगी काढायला हवी होती. पकडला की "जेरबंद", आणि मग नागरिकांनी "सुटकेचा निःश्वास" सोडलाच पाहिजे. मला वाटतं अर्धी भीती या चार-पाच शब्दांची आहे. जिथं खरंच माणूस जखमी झालाय, कुणाचं माणूस गेलंय, तिथं काय ते गंभीरपणे लिहाच, त्यांचं दुःख मी हलकं करत नाही, तसल्या ठिकाणी वन विभागाची माणसं आणि तज्ज्ञ लागतात, माझ्यासारखी गच्चीवर बसणारी आजी नाही. पण पाणी प्यायला आलेल्या मुंगसाला सुद्धा तीच भाषा?

खरं तर दहशत कुणाची कुणाला आहे हेही एकदा मोजून बघावं. २०१८ मध्ये जगभरच्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले गेले, तर माणूस जवळ असला की ते आपलं काम दिवसातून काढून रात्रीवर ढकलतात, सगळीकडं हेच. म्हणजे आपल्याला टाळायला त्यांनी घड्याळच बदललंय. हॉलंडमधल्या लायडन शहरात २००३ मध्ये असं दिसलं की गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, कारण ट्रॅफिकचा आवाज खालच्या पट्टीत असतो त्यात गाणं बुडतं. आमच्या चौकातल्या दयाळाचं पण तसंच असेल का, मला माहीत नाही, पण सकाळी हॉर्न सुरू व्हायच्या आधी तो मोकळेपणी गाऊन घेतो एवढं मी ऐकलंय.

आणि एक गोष्ट जी सहज करण्यासारखी आहे. काच. समोर नवीन ऑफिस झालंय, पूर्ण काचेचं, त्यात आभाळ आणि झाडं दिसतात, पक्ष्याला ती खरीच वाटतात. मागच्या वर्षभरात मी खाली तीन शिंजीर आणि एक तांबट उचललाय. एकट्या अमेरिकेत वर्षाला निदान ३६.५ कोटी, कदाचित १०० कोटीपर्यंत पक्षी काचेवर आपटून मरतात असा अंदाज आहे. शिकागोत ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत एकाच इमारतीवर जवळजवळ हजार पक्षी मेले, मोठा गाजावाजा झाला, मग २०२४ मध्ये त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली, दोन ठिपक्यांत साधारण पाच सेंटिमीटर अंतर, आणि मरणारे पक्षी ९५ टक्क्यांच्या आसपास कमी झाले. नुसते ठिपके! आमच्या नातीनं जिन्याच्या खिडकीला बाहेरून पांढऱ्या पेनानं काढलेत, वाकडेतिकडे, पण चालतंय. समोरच्या ऑफिसला मी दोन पत्रं दिलीत, तिसरं देणार आहे.

एक आवडता किस्सा सांगते आणि थांबते. आपल्याला वाटतं शहरातल्या बागेत खारी असणारच, त्या काय पहिल्यापासून असतात. अमेरिकेतल्या शहरांच्या मधल्या बागांत त्या नव्हत्या. १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका चौकात लोकांनी मुद्दाम तीन खारी आणून सोडल्या, त्यांना राहायला पेट्या लावल्या, बघून बरं वाटावं म्हणून. मग बाकी शहरांनी पण तेच केलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तीनशेवर स्वयंसेवकांनी चक्क खारींची शिरगणती केली, २,३७३ निघाल्या. वाचल्यावर मी आणि नातीनं आमच्या कंपाउंडची केली. अकरा, किंवा एकच अकरा वेळा. ती म्हणते अकरा.

तर माझी विनंती अशी, की आठवड्यातून एक दिवस, कोपऱ्यातली चार इंचाची जागा द्या, लोक कळवतील कुणाला काय दिसलं. आज खंड्या वायरवर बसला होता. पाकोळ्या परत आल्या. पावसाचा पहिला बेडूक ओरडला, तारीख अमुक. दहशत, धुमाकूळ, जेरबंद हे तीन शब्द त्या जागेत चालणार नाहीत एवढी एकच अट. प्राण्यांचे पत्ते मात्र टाकू नका, नाहीतर फोटोवाले घरट्यावर गर्दी करतात, नुसतं दिसलं एवढंच.

आणि त्या पत्रलेखकांना माझा निरोप द्या. तुमचा अर्ज मी समजू शकते, माझ्याकडं त्याची कार्बन कॉपी आहे.

आपली,
एक जुनी वाचक (सगळ्यात वरचा मजला)

ता. क. पत्र लिहून झालं आणि आत्ता परत फुसफुस सुरू झालीये, यंदा सहा तरी असावीत. पत्रलेखक आमच्या शहरात राहत असतील तर संध्याकाळी सात नंतर गच्चीवर यावं, तुमच्या ऑफिसात माझा नंबर ठेवून देते. खुर्ची आहे. टॉर्च आणू नये आणि मोबाइल सायलेंटवर ठेवावा.